जेवढे दिसले तेवढेच लिहिणारा शास्त्रज्ञ : डॉ. ज्यूलिओ बिझोझेरो

तथागतांच्या शिकवणीत यथाभूत दर्शनाला, म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहण्याला, फार मोठे स्थान आहे. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून, ग्रंथात लिहिलेली आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून ती खरी मानू नये. स्वतः तपासून पाहावे, हा उपदेश भगवंतांनी कालामांना केला. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवर तो अनेकदा पडलेला आहे. तथापि पाहणे ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. बहुधा आपण जे शोधत असतो तेच आपल्याला दिसते. जे शोधत नसतो ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि दिसलेच तर अडचणीचे म्हणून बाजूला सारले जाते.

एकोणिसाव्या शतकात इटलीत होऊन गेलेले थोर वैद्यकसंशोधक डॉ. ज्यूलिओ बिझोझेरो यांना कुत्र्याच्या जठरात असे काही दिसले की जे ते शोधत नव्हते. त्यांनी ते वगळले नाही आणि फुगवूनही सांगितले नाही. जेवढे दिसले तेवढे काळजीपूर्वक लिहिले, त्याची चित्रे काढली आणि ते पुढील कामास लागले. त्या नोंदीचे मोल वैद्यकजगताला उमगण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली. आज कुत्र्याच्या जठरात राहणाऱ्या एका जीवाणूला त्यांचे नाव दिलेले आहे. रक्तातील ज्या सूक्ष्म कणांवर जखमेतील रक्त थांबणे अवलंबून असते, त्यांचे कार्यही याच माणसाने प्रथम उलगडून दाखविले. अशा या साधकाचे जीवन आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना परिचित व्हावे, यासाठी हा लेख आहे.

बालपण आणि शिक्षण

ज्यूलिओ बिझोझेरो यांचा जन्म २० मार्च १८४६ रोजी उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतात, वारेसे या गावी झाला. त्यांचे वडील लहान कारखानदार होते. त्या काळी लोंबार्डी ऑस्ट्रियाच्या साम्राज्याखाली होता आणि आज आपण ज्याला इटली म्हणतो ते एकसंध राष्ट्र अस्तित्वात आले नव्हते. ज्यूलिओ तेरा वर्षांचे असताना, १८५९ साली, लोंबार्डी ऑस्ट्रियाच्या अमलातून मुक्त झाला. ते पंधरा वर्षांचे होण्याच्या सुमारास, मार्च १८६१ मध्ये, इटलीच्या राज्याची घोषणा झाली. नव्या राष्ट्राबरोबर वाढलेली ही पिढी होती. आपला देश ज्ञानविज्ञानातही इतरांच्या मागे राहू नये, अशी तळमळ या पिढीतील अनेक तरुणांच्या मनात होती.

ज्यूलिओ यांनी पाविआ येथील प्राचीन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, पदवी संपादन केली. पाविआत पाओलो मांतेगाझ्झा यांनी प्रायोगिक विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली होती. रोग म्हणजे काय, तो शरीरात कसा घडतो, हे केवळ ग्रंथ वाचून आणि तर्क करून ठरविण्याऐवजी प्रयोगाने व सूक्ष्मदर्शकाने तपासावे, अशी या प्रयोगशाळेची दृष्टी होती. हे त्या काळी सर्वांना रुचणारे नव्हते. शरीरात एक गूढ जीवनशक्ती वास करते आणि तिच्या बिघाडातून रोग उद्भवतात, असे मानणारे प्राध्यापक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या लेखी सूक्ष्मदर्शक हे वैद्याचे साधन नव्हतेच. तरुण बिझोझेरो यांनी मात्र याच साधनावर आपली निष्ठा बसविली. मांतेगाझ्झा राजकारणात गुंतले, तेव्हा त्यांच्या विषयाच्या अध्यापनाची जबाबदारी एकविसाव्या वर्षी बिझोझेरो यांच्यावर आली. त्यांच्यासमोर बसणारे काही विद्यार्थी वयाने त्यांच्याएवढेच, तर काही त्यांच्याहून मोठे होते.

पुढे ते बर्लिन येथे रुडॉल्फ फिर्शो यांच्या सहवासात काही काळ राहिले. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते आणि रोगाचे मूळ पेशींतील बदलांत शोधले पाहिजे, हा फिर्शो यांचा सिद्धांत त्या वेळी साऱ्या युरोपातील वैद्यकाला नवे वळण देत होता. बिझोझेरो यांच्या पुढील आयुष्यातील सर्व कार्य याच विचाराच्या प्रकाशात झाले.

रक्ताचे रहस्य

माणसाच्या अंगात रक्त कोठे तयार होते? आज आठवीतला विद्यार्थीही या प्रश्नाचे उत्तर देईल. परंतु १८६८ पूर्वी ते कोणालाच ठाऊक नव्हते. प्लीहा, यकृत, लसिकाग्रंथी अशी निरनिराळी नावे घेतली जात. हाडांच्या पोकळीतील मज्जा हे तर केवळ हाडाचे पोषण करणारे द्रव्य समजले जाई. १८६८ साली बावीस वर्षांच्या बिझोझेरो यांनी अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि तिच्यात रक्तपेशी निर्माण होत असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी जर्मनीत अर्न्स्ट नॉयमन यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता, म्हणून या शोधाचे श्रेय दोघांनाही दिले जाते. आज रक्ताच्या कर्करोगासाठी जे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले जाते, त्याची पहिली पायरी हे ज्ञान होय.

१८७३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, ते तुरिन विद्यापीठात सामान्य विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथेही जुन्या वळणाच्या मंडळींचा विरोध होता. त्याला त्यांनी वादविवादापेक्षा कामाने उत्तर दिले. त्यांनी प्रयोगशाळा उभारली, विद्यार्थी घडविले आणि १८७६ साली वैद्यकशास्त्राला वाहिलेले एक संशोधनपत्र सुरू केले. दवाखान्यात काम करणाऱ्या साध्या डॉक्टरालाही सूक्ष्मदर्शक वापरता यावा, रक्त, थुंकी, लघवी तपासून रोगाचे निदान करता यावे, यासाठी त्यांनी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्याची इतर युरोपीय भाषांत भाषांतरे झाली. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासून मिळते. ही तपासणी केवळ मोठ्या विद्यापीठांपुरती न राहता सामान्य रुग्णापर्यंत पोहोचावी, असा आग्रह ज्यांनी आरंभी धरला त्यांच्यात बिझोझेरो यांची गणना होते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य १८८१-८२ या काळातील आहे. रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज आणखी काही बारीक कण असतात, हे पूर्वीही काही अभ्यासकांच्या नजरेस आले होते. परंतु ते कण म्हणजे पांढऱ्या पेशींचे तुकडे आहेत, की शरीराबाहेर काढल्यावर रक्तात होणारा बिघाड आहे, की तांबड्या पेशींची बाल्यावस्था आहे, याबद्दल एकमत नव्हते. फ्रान्समधील विख्यात संशोधक जॉर्ज आयेम यांचे मत असे होते की या कणांपासूनच पुढे तांबड्या पेशी होतात. बिझोझेरो यांनी वेगळा मार्ग धरला. रक्त शरीराबाहेर काढून तपासण्याऐवजी त्यांनी जिवंत ससे व गिनिपिग यांच्या आतड्याजवळील पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहत्या रक्तातच त्यांना हे कण दिसले. म्हणजे ते रक्ताचा स्वतंत्र आणि नैसर्गिक घटक होते. रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होताच हे कण सर्वांत आधी त्या जागी चिकटतात, एकमेकांना धरून राहतात आणि रक्ताची गुठळी बनण्यास आरंभ करून देतात, हेही त्यांनी पाहिले. त्यांच्या आकारावरून त्यांनी इटालियन भाषेत त्यांना लहान तबकड्या अशा अर्थाचे नाव दिले. आपण त्यांना रक्तपट्टिका किंवा प्लेटलेट्स म्हणतो.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की आपल्याकडे खेड्यापाड्यांतही रुग्णाच्या प्लेटलेट्स किती, ही चौकशी पहिल्यांदा होते. ती संख्या ऐकून आईवडिलांच्या जिवात जीव येतो किंवा काळजाचा ठोका चुकतो. त्या संख्येला अर्थ देणारा माणूस तुरिनच्या प्रयोगशाळेत तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेला होता, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते.

शिष्यांना वाट मोकळी करून देणारे गुरू

बिझोझेरो यांच्या थोरवीचा एक भाग त्यांच्या शिष्यांत दिसतो. त्यांपैकी सर्वांत कीर्तिमान म्हणजे कॅमिलो गॉल्जी. गॉल्जी हे बिझोझेरो यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे होते; तरीही पाविआ येथे त्यांनी या तरुण गुरूच्या प्रयोगशाळेत ऊतींचा सूक्ष्म अभ्यास करण्याची दीक्षा घेतली. ज्ञानाच्या क्षेत्रात वयाचा मान वेगळा आणि विद्येचा मान वेगळा, हे दोघांनीही जाणले होते. पुढे गॉल्जी यांनी चेतापेशी रंगवून दाखविण्याची नवी पद्धत शोधली आणि १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गॉल्जी यांचा विवाह बिझोझेरो यांच्या पुतणीशी की भाचीशी, अशा नातेसंबंधाच्या तपशिलात न शिरता एवढेच सांगता येईल, की गुरुशिष्यांचे हे नाते पुढे घरच्या सोयरिकीत बदलले. गुरूला नोबेल मिळाले नाही. ते पारितोषिक १९०१ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी बिझोझेरो यांचे निधन झाले.

कुत्र्याच्या जठरातील नागमोडी जीव

आता त्या नोंदीकडे वळू. बिझोझेरो यांना बराच काळ एका प्रश्नाने झपाटलेले होते. शरीरातील पेशी सतत झिजतात व मरतात. मग त्यांची जागा कोण घेते? अभ्यासाअंती त्यांनी शरीरातील ऊतींचे तीन गट पाडले. त्वचा, आतड्याचे अस्तर, रक्त यांसारख्या काही ऊतींत जन्मभर नव्या पेशी तयार होत राहतात. यकृतासारख्या काही ऊती वाढ पूर्ण झाल्यावर शांत असतात, पण गरज पडली तर पुन्हा पेशी निर्माण करू शकतात. चेतापेशींसारख्या काही पेशी एकदा घडल्या की पुन्हा विभागत नाहीत. हे वर्गीकरण त्यांनी १८९४ साली रोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत मांडले आणि त्याचा मूळ गाभा आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो. आपण ज्याला स्थिर देह समजतो तो क्षणोक्षणी बदलत असतो, ही अनित्यतेची जाणीव धम्माच्या अभ्यासकाला नवी नाही. बिझोझेरो यांनी ती पेशींच्या पातळीवर मोजून दाखविली.

जठराच्या आतील अस्तराची झीज तर फारच वेगाने होते. अन्न पचविणारे तीव्र आम्ल तेथे स्रवत असते. या अस्तरात नळीसारख्या असंख्य सूक्ष्म ग्रंथी असतात. या ग्रंथींतील पेशी आणि पृष्ठभागावरील पेशी यांचा परस्परसंबंध काय, नव्या पेशी कोठे जन्मतात आणि कोठे सरकतात, हे शोधण्यासाठी बिझोझेरो कुत्र्याच्या जठराचे अतिशय पातळ काप करून ते रंगवून तपासत होते. विभागणाऱ्या पेशी शोधत असता त्यांना भलतेच काही दिसले. श्लेष्माच्या थरात, ग्रंथींच्या पोकळीत, इतकेच नव्हे तर आम्ल स्रवणाऱ्या पेशींच्या आतही, मळसूत्रासारखे पिळदार असे अतिसूक्ष्म जीव होते.

हे दृश्य त्या काळच्या समजुतीत बसणारे नव्हते. जठरातील आम्लात अन्नाबरोबर आलेले जंतू नष्ट होतात, असे मानले जाई. अशा ठिकाणी जीवाणू घर करून राहतील, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. काप करताना बाहेरून आलेली घाण म्हणून ते सोडून देणे अगदी सोपे होते. शिवाय त्यांचा मूळ प्रश्न वेगळाच होता. तरीही त्यांनी त्या जीवांचे आकार, त्यांच्या पिळांची ठेवण, ते नेमके कोणत्या ग्रंथीत व कोणत्या पेशीत आढळतात, हे सर्व टिपले. १८९२ साली त्यांनी ही माहिती इटलीत मांडली आणि १८९३ साली जठर व आतड्याच्या ग्रंथींवरील जर्मन भाषेतील विस्तृत निबंधात चित्रांसह प्रसिद्ध केली.

हे जीव कोणता रोग करतात, याबद्दल त्यांनी कोणतेही विधान केले नाही, कारण तसा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. त्या दशकांत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे व पटकीचे जंतू दाखवून दिल्यानंतर नवनव्या जंतूंना रोगांशी जोडण्याची जणू स्पर्धा लागली होती. अशा काळात एका प्रख्यात प्राध्यापकाने पुराव्यापुढे एक पाऊलही न टाकणे, हा शीलाचा भाग होता असेच म्हणावे लागेल.

दृष्टी अधू झाली तेव्हा

ज्या माणसाचे सारे जीवन डोळ्यांवर अवलंबून होते, त्याचेच डोळे पुढे अधू झाले. डोळ्यांच्या विकारामुळे बिझोझेरो यांना अखेरच्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाचा वापर सोडावा लागला. असे दुःख कोसळल्यावर एखादा माणूस खचून गेला असता. बिझोझेरो यांनी आपल्या विद्येचा दुसरा उपयोग शोधला. १८९० सालीच ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले होते. आता त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांना वाहून घेतले. स्वच्छता, सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध आणि लोकांच्या आरोग्याबाबत शासनाचे कर्तव्य यांविषयी ते बोलू व लिहू लागले. शास्त्रज्ञांसाठी लिहिणारी त्यांची लेखणी सर्वसामान्य सुशिक्षित वाचकांसाठी सोप्या भाषेत लिहू लागली. प्रयोगशाळेत कळलेले सत्य गरिबाच्या वस्तीपर्यंत पोहोचले नाही तर ते अपुरे आहे, ही भावना या कार्यामागे दिसते.

८ एप्रिल १९०१ रोजी तुरिन येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

एका नोंदीचा पुढील प्रवास

बिझोझेरो यांच्या हयातीतच, १८९६ साली, हुगो सॉलोमन या संशोधकाने त्यांचे निरीक्षण पुढे नेले. त्यांना कुत्र्यांप्रमाणे मांजरे व उंदीर यांच्या जठरातही असे पिळदार जीव आढळले. कुत्र्याच्या जठराचे अस्तर पांढऱ्या उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या जठरात या जीवांची वाढ झाली. म्हणजे ते एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात, हे सिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी काही संशोधकांनी माणसाच्या जठरातही पिळदार जीव पाहिल्याचे लिहिले. परंतु १९५४ साली अमेरिकेतील एडी पामर यांनी हजाराहून अधिक व्यक्तींच्या जठराचे नमुने तपासले आणि त्यांना एकही असा जीव दिसला नाही. त्यांनी वापरलेल्या रंजनपद्धतीत हे जीवाणू नीट उठून दिसत नाहीत. तथापि या मोठ्या अभ्यासाचा परिणाम असा झाला, की जठरात जीवाणू राहत नाहीत ही जुनी समजूत अधिकच पक्की झाली. अल्सर हा तिखट खाण्याने, काळजीने आणि आम्ल वाढल्याने होणारा रोग आहे, असे डॉक्टर सांगत राहिले. कित्येक रुग्णांचे आयुष्य पथ्यपाण्यात गेले, कित्येकांच्या जठराचा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागला.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना माणसाच्या जठराच्या नमुन्यात वाकडे जीवाणू दिसले. चांदीच्या क्षारांनी रंगविल्यावर ते स्पष्ट झाले. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. हे जीवाणू प्रयोगशाळेत वाढविण्याचे अनेक प्रयत्न फसले. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे एक संवर्धनपात्र नेहमीपेक्षा अधिक दिवस तसेच राहिले आणि त्यात जीवाणूंची वाढ झालेली आढळली. ते सावकाश वाढणारे होते. लोक दोन दिवसांतच पात्र फेकून देत असत, एवढीच अडचण होती. १९८४ साली मार्शल यांनी हे जीवाणू स्वतः प्राशन करून जठराचा दाह ओढवून घेतला. आज हा जीवाणू हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखला जातो. जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या जठरात तो असतो, बहुसंख्य अल्सरचे तो एक प्रमुख कारण आहे आणि जठराच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. प्रतिजैविकांच्या योग्य उपचाराने तो नष्ट करता येतो. २००५ साली वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बिझोझेरो यांनी कुत्र्यात पाहिलेले जीव हे या जीवाणूचे भाऊबंद होते.

मृत्यूनंतर पंचाण्णव वर्षांनी नामकरण

माणसाच्या जीवाणूची ओळख पटल्यानंतर संशोधक पुन्हा कुत्र्यांकडे वळले. फिनलंडमधील मार्या-लीसा हॅनिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जठराच्या अस्तराचे नमुने घेऊन त्यांतील जीवाणू प्रयोगशाळेत वाढविले. नवी प्रजाती ओळखणे हे केवळ नवा आकार दिसला म्हणून होत नाही. प्रथम तो जीवाणू इतरांपासून वेगळा करून वाढवावा लागतो. या जीवाणूला हवेतील नेहमीचा प्राणवायूही जास्त होतो, म्हणून त्याच्यासाठी कमी प्राणवायूचे वातावरण ठेवावे लागते. मग त्याची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहायची, तो कोणती विकरे तयार करतो ते तपासायचे, आणि शेवटी त्याच्या आनुवंशिक द्रव्याची ज्ञात प्रजातींशी तुलना करायची.

या जीवाणूचे शरीर घट्ट पिळाचे असून लांबी सुमारे ५ ते १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी असते. दोन्ही टोकांना चाबकासारख्या केसरांचे झुबके असतात आणि त्यांच्या बळावर तो श्लेष्मातून वेगाने पोहतो. मांजरात प्रथम सापडलेल्या हेलिकोबॅक्टर फेलिस या जवळच्या प्रजातीच्या अंगावर बारीक तंतूंची गुंडाळी असते. या नव्या जीवाणूवर ती नव्हती. डीएनएच्या तुलनेनेही दोन्ही भिन्न असल्याचे ठरले. युरियाचे विघटन करून अमोनिया बनविणारे विकर त्याच्याजवळ आहे. या अमोनियामुळे त्याच्या भोवतालचे आम्ल सौम्य होते, आणि म्हणूनच तो जठरात जगू शकतो. बिझोझेरो यांच्या काळी न सुटलेले कोडे असे उलगडले.

१९९६ साली या प्रजातीला हेलिकोबॅक्टर बिझोझेरोनी असे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी कुत्र्यांतील आणखी एका प्रजातीला सॉलोमन यांचे नाव मिळाले. बहुतेक कुत्र्यांच्या जठरात असे जीवाणू असतात आणि त्यांतील पुष्कळ कुत्री निरोगी असतात. माणसात ते क्वचित आढळतात. त्यामुळे घरी कुत्रा असलेल्यांनी भिण्याचे कारण नाही. त्याला हाताळल्यावर हात स्वच्छ धुणे ही सवय मात्र चांगली आहे.

मुक्या प्राण्यांचे ऋण

बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत हे जीवन सांगताना एक प्रश्न टाळता येणार नाही. बिझोझेरो यांचे ज्ञान ससे, गिनिपिग आणि कुत्री यांच्या देहांतून आलेले आहे. प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे शील आपण दररोज ग्रहण करतो. मग या ज्ञानाकडे कसे पाहावे? त्या काळच्या माणसाला आजच्या नियमांनी दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही, आणि त्या प्राण्यांच्या वेदना नव्हत्याच असे भासविणेही सत्याचे होणार नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर नियंत्रण घातले आहे. पर्यायी मार्ग असेल तेथे प्राणी वापरू नयेत आणि वापरावेच लागले तर वेदना कमीत कमी व्हाव्यात, हे तत्त्व आता जगभर मान्य होत चालले आहे. आपल्या शाळेतून उद्या डॉक्टर, पशुवैद्य आणि संशोधक होणाऱ्या मुलामुलींनी हे ऋण लक्षात ठेवावे. ज्या ज्ञानासाठी एका जीवाने प्राण दिले ते ज्ञान निष्काळजीपणे वापरणे, अर्धवट लिहिणे किंवा खोटे सांगणे, हा त्या जीवावर दुसरा अन्याय ठरतो. बिझोझेरो यांच्या काटेकोर नोंदीचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. त्या कुत्र्यांचे मरण त्यांनी वाया जाऊ दिले नाही. आज त्याच जीवाणूंच्या ज्ञानाचा उपयोग माणसाबरोबरच कुत्र्यामांजरांच्या उपचारांसाठीही होतो.

उपसंहार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्येबरोबर प्रज्ञा, शील, करुणा आणि मैत्री यांचा आग्रह धरला. केवळ विद्या असलेला माणूस समाजाचे हित करीलच असे नाही, हे ते जाणून होते. बिझोझेरो धम्माचे उपासक नव्हते आणि त्यांच्यावर तसा शिक्का मारण्याचे कारणही नाही. परंतु त्यांच्या जीवनात विद्येला शीलाची जोड होती, हे निःसंशय. बाविसाव्या वर्षी मोठा शोध लावूनही ते थांबले नाहीत. स्वतःहून वडील असलेल्या शिष्याला त्यांनी मोकळेपणाने विद्या दिली. न शोधलेले सत्य समोर आले तेव्हा त्यांनी त्याचा आदर केला, आणि जे ठाऊक नव्हते त्याविषयी बढाई मारली नाही. डोळे थकले तेव्हा लोकांच्या आरोग्यासाठी वाणी व लेखणी झिजविली.

प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहा, पुस्तकातील उत्तराशी जुळावे म्हणून आकडे बदलू नका, असे आपले शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात. अनेकदा ही शिस्त मुलांना जाचक वाटते. चुकीचे वाटणारे निरीक्षण खोडून मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या वहीतील आकडा उतरवून घेण्याचा मोह होतो. अशा वेळी तुरिनच्या त्या प्राध्यापकाची आठवण व्हावी. त्यांनीही तो नागमोडी जीव खोडून टाकला असता तर त्या दिवशी कोणाचेच काही बिघडले नसते. पण जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची ही सवय जडली, तर आपल्या शाळेने विद्यार्थ्याला दिलेले शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.